पाण्यातली तूट, गाळातले आधिक्य

(दृश्य : चांगदेव येथील तापी आणि पूर्णा यांचा संगम. पावसाळ्यातील पूर.)

उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग यांच्यामध्ये पसरलेल्या खानदेशच्या काळ्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी नाले-ओढ्यांतून अखेरीस तापीला मिळते. मध्य प्रदेशातील मुलताईला उगम पावलेली ही नदी बऱ्हाणपूरवरून जळगाव जिल्ह्यात शिरते, चांगदेवला पूर्णेचे पाणी घेते, पुढे वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, गोमाई या नद्यांना सामावून घेत प्रकाशा या गावाच्या पुढे गुजरातेत जाते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास संपवून सुरतजवळ खंबातच्या आखाताला मिळते. पुराच्या दिवसांत तिच्या पाण्याला जो गढूळ तपकिरी रंग येतो, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाच्या झिजेचा आहे. या झिजेतून स्मेक्टाइट नावाची अतिसूक्ष्म माती तयार होते. उन्हाळ्यात शेताला ज्या रुंद भेगा पडतात आणि पावसाळ्यात जी जमीन फुगून चिकट होते, ती या मातीमुळेच.

पाण्याबरोबर जाणारे सर्वच द्रव्य डोळ्यांना दिसत नाही. काही पदार्थ पाण्यात विरघळून जातात, काही कणांना चिकटून जातात, आणि या दोन मार्गांनी जाणाऱ्या द्रव्यांचे भवितव्य समुद्रात पोहोचल्यावर अगदी वेगळे होते. ही गोष्ट जितक्या स्पष्टपणे नैसर्गिक किरणोत्सारी मूलद्रव्यांमध्ये दिसते, तितकी क्वचितच इतरत्र दिसते, आणि या चित्रपटाचा विषयही तोच आहे.

पृथ्वीवरील प्रत्येक खडकात आणि मातीत अत्यल्प प्रमाणात युरेनियम असते. ग्रॅनाइटच्या तुलनेत खानदेशच्या बेसॉल्टमध्ये ते पुष्कळच कमी असते, परंतु असते. खडक झिजताना प्राणवायूच्या सान्निध्यात युरेनियम पाण्यात उतरते आणि पाण्यातील कार्बोनेटशी इतके घट्ट बांधले जाते की कणांना चिकटण्याची त्याची प्रवृत्ती जवळजवळ उरतच नाही. त्यामुळे नद्यांनी समुद्रात आणलेले युरेनियम तेथे लाखो वर्षे मुक्काम करते आणि जगभरच्या महासागरांत ते जवळपास सारख्या प्रमाणात मिसळलेले आढळते. एका लिटर समुद्रजलात त्याचे वजन साधारण ३.३ मायक्रोग्रॅम भरते. पाणी जितके खारट, तितके युरेनियम जास्त, हे नाते इतके नेमके आहे की खुल्या समुद्रात पाण्याची क्षारता मोजली की युरेनियमचे प्रमाण वेगळे मोजावे लागत नाही.

(दृश्य : एका घरातील पिंपात तुरटी फिरवणारा हात. पाण्यात हळूहळू तयार होणारे पुंजके.)

युरेनियम-२३८ (नावापुढचा आकडा त्या मूलद्रव्याच्या अणूचा वजनानुसार प्रकार सांगतो) हे अतिशय संथपणे क्षय पावते, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावून दुसऱ्या अणूंत बदलायला लागणारा काळ, सुमारे ४४७ कोटी वर्षांचे आहे. त्याच्या क्षयातून जन्मणारे पहिले अपत्य म्हणजे थोरियम-२३४, आणि त्याचे अर्धायुष्य अवघे २४.१ दिवस आहे. आई आणि अपत्य यांचे रासायनिक स्वभाव मात्र पूर्णपणे भिन्न आहेत. थोरियमला पाण्यात मोकळे राहणे मानवत नाही. जन्मल्यानंतर ते लवकरच पाण्याच्या रेणूंशी अभिक्रिया करते आणि जवळून जाणाऱ्या कोणत्याही कणाच्या पृष्ठभागावर जाऊन बसते. कण मातीचा असो, सूक्ष्म शैवालाच्या कवचाचा असो की लोह-मँगनीजच्या ऑक्साइडचा असो, थोरियम त्याला चिकटते.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवण्याची रीत आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तुरटीतील अॅल्युमिनियमपासून पाण्यात हायड्रॉक्साइडचे चिकट पुंजके बनतात, त्यांना माती चिकटते, पुंजके जड होऊन तळाशी बसतात आणि वरचे पाणी निवळते. जाताना हे पुंजके पाण्यात विरघळलेली काही द्रव्येही सोबत घेऊन जातात, ही बाब मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही. समुद्रात बुडणाऱ्या कणांचे कामही त्याच जातीचे आहे. फरक इतकाच की तेथे तुरटी टाकणारे कोणी नसते आणि पिंपाची खोली चार हजार मीटरची असते.

खुल्या समुद्रातील हे कण मुख्यतः येतात कोठून, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण नदीचा गाळ पाहून सहज गैरसमज होऊ शकतो. तापीचा बराचसा गाळ १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणात अडतो. जो पुढे जातो त्यातील मोठा भाग, खाऱ्या पाण्याचा स्पर्श होताच मातीचे कण एकमेकांना चिकटून जड झाल्यामुळे, आखातात आणि किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रबुडाच्या पट्ट्यात बसतो. दख्खनच्या बेसॉल्टची ओळख असलेली स्मेक्टाइट माती खंबातपासून दक्षिणेकडे गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यालगतच्या गाळात सापडते. परंतु किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, खोल अरबी समुद्रात कणांचा पाऊस पाडतात ते मुख्यतः सजीवच. सूर्यप्रकाश पोहोचणाऱ्या वरच्या थरात सूक्ष्म वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पती, वाढतात, तसेच तरंगणारे प्राणी-प्लवक त्यांना खातात, आणि मृत पेशी, कवचे, विष्ठेच्या गोळ्या व चिकट श्लेष्म एकत्र येऊन जे पुंजके तयार होतात ते खाली बुडू लागतात. वाऱ्याने आलेली वाळवंटी धूळही त्यांना येऊन मिळते. एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचा मातीचा सुटा कण चार हजार मीटर खोल तळ गाठायला शंभराहून अधिक वर्षे घेईल, तर मोठा पुंजका दिवसाला सुमारे शंभर मीटर उतरू शकतो. सूक्ष्म कण थोरियम गोळा करतात, मोठे पुंजके त्या सूक्ष्म कणांना सामावून घेतात आणि त्यांना तळाकडे नेतात. कामाची अशी ही वाटणी आहे.

(दृश्य : संशोधन-जहाजाच्या डेकवर पाण्याचे नमुने भरलेल्या उभ्या नळ्या.)

आता मोजणीकडे वळू, कारण या विषयाचे खरे सौंदर्य मोजणीत आहे. एका लिटर समुद्रजलातील युरेनियम-२३८ चे अणू दर मिनिटाला साधारण अडीच या गतीने क्षय पावतात. कण नसतेच, तर थोड्याच महिन्यांत थोरियम-२३४ चा क्षयही नेमका त्याच गतीने होऊ लागला असता, जितके जन्मते तितकेच मरते अशी स्थिती आली असती. त्या स्थितीत एका लिटरमध्ये थोरियम-२३४ चे फक्त सव्वा लाखाच्या आसपास अणू असतात. कोणत्याही तराजूने हे वजन मोजता येणार नाही, पण त्यांच्या किरणोत्सारामुळे ते मोजता येतात. काही शे मीटरांच्या खाली, जेथे बुडणारे कण विरळ आहेत, तेथे ही समतोल स्थिती खरोखर आढळते. वरच्या थरात मात्र थोरियम कमी पडते. ही तूटच सांगते की कणांनी किती थोरियम उचलून नेले.

समजा, पन्नास मीटर खोलीवरील पाण्यात थोरियमची क्रियाशीलता, म्हणजे त्याच्या क्षयाची गती, युरेनियमच्या निम्मी आढळली. याचा अर्थ, जन्मणाऱ्या थोरियमपैकी निम्मे जागीच क्षय पावते आणि उरलेले निम्मे कणांबरोबर निघून जाते. थोरियम-२३४ च्या अणूचे सरासरी आयुष्य सुमारे ३५ दिवसांचे असल्यामुळे, कणांकडून ते पाण्याबाहेर काढले जाण्यालाही सरासरी ३५ दिवस लागतात असा हिशेब निघतो. प्रयोगशाळेच्या बाहेर, मोकळ्या समुद्रात, काही आठवड्यांच्या कालावधीत घडणारी प्रक्रिया मोजण्याचे इतके सरळ साधन दुसरे मिळणे कठीण आहे.

या मोजणीचा पाया घालण्यात भारतीयांचा वाटा मोठा आहे, आणि तो मराठी वाचकांना आणि प्रेक्षकांना फारसा ठाऊक नाही याची खंत वाटते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. जी. भट, एस. कृष्णस्वामी, देवेंद्र लाल आणि रामा यांनी डब्ल्यू. एस. मूर यांच्यासह १९६९ मध्ये समुद्रातील थोरियम-२३४ आणि युरेनियम-२३८ यांच्या गुणोत्तरांवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागाजवळच्या पाण्यातील थोरियमची तूट दाखवणाऱ्या सुरुवातीच्या कामांत त्याची गणना होते. त्या काळी मोठ्या प्रमाणातील समुद्रजलात लोहाच्या हायड्रॉक्साइडचा साका पाडून त्याबरोबर थोरियम खाली आणावे लागत असे. आज चार लिटर पाणी पुरते. विहिरीचे पाणी शुद्ध करण्यासाठी टाकले जाणारे पोटॅशियम परमँगनेट आणि मँगनीजचा एक क्षार वापरून पाण्यात मँगनीज डायऑक्साइडचा साका पाडतात, तो गाळणकागदावर घेतात आणि त्यातून निघणारे बीटा कण मोजतात. समुद्र जे आठवड्यांत करतो, तेच रसायनशास्त्रज्ञ बाटलीत काही तासांत घडवून आणतो.

थोरियमची ही तूट केवळ थोरियमपुरती महत्त्वाची असती, तर जगभरची जहाजे त्यासाठी फिरली नसती. बुडणाऱ्या कणांवर थोरियमच्या तुलनेत सेंद्रिय कार्बन किती आहे हे मोजले आणि थोरियमच्या प्रवाहाला त्या गुणोत्तराने गुणले, की वरच्या थरातून खोल समुद्राकडे किती कार्बन जातो याचा अंदाज मिळतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरण्याच्या प्रक्रियेचा हा एक प्रमुख मार्ग आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अरबी समुद्राच्या वरच्या शंभर मीटरमध्ये याच पद्धतीने मोजमाप केले.

अरबी समुद्राची निवड योगायोगाची नव्हती. मृग नक्षत्र लागले की ज्या नैऋत्य वाऱ्यांकडे खानदेशातील कापूस-उत्पादक शेतकरी डोळे लावून बसतो, तेच वारे अरबस्तान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगत खोलातील पोषक पाणी वर खेचतात आणि प्लवकांची भरघोस वाढ घडवतात. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीचे हॅम्बर्ग विद्यापीठ यांनी १९८६ पासून अरबी समुद्रात खोलवर गाळ झेलणारे सापळे टांगून ठेवले. खाली येणाऱ्या कणांचा प्रवाह वर्षभर सारखा नसून नैऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मान्सूनांच्या काळात तो ठळकपणे वाढतो, हे त्यांतून दिसून आले. आकाशातून जमिनीवर पडणाऱ्या पावसाचे आणि समुद्राच्या पोटातील या पावसाचे वेळापत्रक एकाच वाऱ्याने ठरवलेले आहे.

(दृश्य : समुद्रतळातून काढलेला गाळाचा लांब स्तंभ, उभा चिरलेला.)

थोरियम-२३४ अल्पायुषी आहे, म्हणून ते वरच्या थराचे ज्ञान देते. त्याच युरेनियमच्या मालिकेत पुढे जन्मणारे थोरियम-२३० सुमारे ७५ हजार वर्षांच्या अर्धायुष्याचे आहे. ते इतके दीर्घायुषी असूनही समुद्रजलात अपेक्षेच्या एक टक्क्याच्या दहाव्या भागाइतकेही सापडत नाही, कारण काही दशकांतच कण त्याला तळाशी नेतात. एकदा चिकटलेला अणू कायमचा चिकटून राहतो असा पूर्वी समज होता. मायकेल बेकन आणि रॉबर्ट अँडरसन यांनी १९८२ मध्ये दाखवले की थोरियम कणांवरून सुटते, पुन्हा चिकटते, पुन्हा सुटते, आणि अशी देवाणघेवाण करीत करीत खाली जाते. म्हणूनच पुष्कळ ठिकाणी खोलीबरोबर थोरियम-२३० एकसारखे वाढत जाते. याउलट, युरेनियमच्याच दुसऱ्या प्रकारापासून (युरेनियम-२३५) जन्मणारे प्रोटॅक्टिनियम-२३१ पाण्यात अधिक काळ, शतकभर किंवा त्याहून जास्त राहते, त्यामुळे प्रवाहांबरोबर दूर जाऊन कणांची गर्दी असलेल्या किनारी भागांत ते जास्त जमा होते.

पाण्यातून गेलेले हे सारे तळाच्या गाळात मिळायलाच हवे, आणि तसे ते मिळते. खोल समुद्रातील गाळात अपेक्षेपेक्षा जास्त रेडियम असल्याचे डब्लिनच्या जॉन जोली यांनी १९०८ मध्येच नोंदवले होते, परंतु ते आले कोठून याचे उत्तर स्वीडनच्या हान्स पेटरसन यांनी १९३७ मध्ये सुचवले : तेव्हा ‘आयोनियम’ या नावाने ओळखले जाणारे थोरियम-२३० पाण्यातून साका बनून तळाशी येते आणि रेडियम त्याच्या क्षयातून तेथेच तयार होते. पाण्यात युरेनियम सर्वत्र सारखे असल्याने एखाद्या खोलीच्या ठिकाणी वर्षाला किती थोरियम-२३० तळाशी पोहोचणार हे आधीच सांगता येते. म्हणून गाळात त्याचे प्रमाण विरळ दिसले, तर त्या काळी इतर गाळ जास्त वेगाने पडत होता असा निष्कर्ष काढता येतो.

या कुटुंबातील एक सदस्य थेट आपल्या शेतजमिनीतून समुद्रावर जातो. मातीतील रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो आणि भेगाळलेल्या कोरड्या जमिनीतून हवेत सुटतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. हिवाळ्यात जमिनीवरून अरबी समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर तो जातो, वाटेत त्याचे शिसे-२१० बनते, ते हवेतील धूलिकणांना चिकटते आणि पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर खाली येते. समुद्रात पडले तर तेही कणांच्या संगतीने तळ गाठते. जमिनीवर पडले तर मातीला धरून राहते, आणि माती वाहिली की तिच्याबरोबर तलावात किंवा धरणात जाऊन बसते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षांचे असल्यामुळे गेल्या साधारण शंभर वर्षांत गाळाचा कोणता थर केव्हा बसला हे त्यावरून ठरवता येते. तलावांतील गाळाचे वय या रीतीने काढण्याच्या सुरुवातीच्या कामांतही कृष्णस्वामी आणि लाल यांची नावे आहेत.

भुसावळजवळच्या हतनूर धरणात दरवर्षी पुराबरोबर गाळ येतो आणि पाणी साठवण्याची जागा व्यापतो. जेथे दरवाज्यांतून सुटणाऱ्या पाण्याने तळ ढवळला जात नाही अशा बाजूच्या शांत भागातून गाळाचे स्तंभ काढून त्यांतील शिसे-२१० मोजले, तर गाळ साचण्याचा वेग कोणत्या काळात किती होता हे थरांवरून ठरवता येईल. खानदेशातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हे काम हाती घ्यावे असे आम्हांला मनापासून वाटते. त्यासाठी जहाज लागत नाही. एक होडी, एक नळी, आणि किरणोत्सार मोजण्याची सोय असलेल्या एखाद्या प्रयोगशाळेचे सहकार्य एवढे पुरेसे आहे.