कागदावरचं केळीचं पान

नमस्कार श्रोते हो. आज आपण कागदावर नक्षी उठवणार आहोत. ना शाई, ना रंग. शुभेच्छापत्रावर किंवा फोटोंच्या वहीत आकार नुसता वर यायला हवा.

जुनी एक्स-रे फिल्म घ्या, कटरने त्यात आकार कापा. हा साचा खिडकीच्या काचेला चिकटवा. त्यावर जाड कार्डशीट लावा, चांगली बाजू काचेकडे. उजेडात आकार दिसेल. आता संपलेल्या रिफिलच्या टोकाने कडा दाबत जा. फक्त कडा हं, फक्त कडा! मध्ये घासलंत की कागद फाटलाच.

मी सातवीत होतो. आखाजीला रावेरकडे आजीच्या गावी गेलो होतो. काचबिंदूने तिची नजर गेली होती. तिच्यासाठी मी केळीचं पान उठवायला बसलो. वहीचा कागद फाटला. मग जुनी लग्नपत्रिका घेतली. तेव्हा पत्रिका साध्या, जाड असायच्या. आता नुसती चमकी आणि मखमल. तो पैसा पंगतीत घालावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजी ओट्यावर बसली होती. पत्रिका हातात दिली. तिचा अंगठा देठापासून टोकापर्यंत कडेकडेने गेला. "हाई तं केळीनं पान शे!" मी हरखलो. तेवढ्यात बोट मध्येच थांबलं. "दांडा कोठे शे?"

जन्म केळीच्या बागेत गेलेला. मधल्या दांड्याशिवाय पान तिला कसं पटेल? मी परत खिडकीशी. ऊन उतरलं होतं, म्हणून मामा बाहेरून बॅटरी धरून उभा राहिला. दांडा उठवला, एकेक शीर उठवली. पत्रिका पुन्हा हातात दिली तेव्हा आजी काही बोलली नाही. जेवायला हाका मारल्या, तरी तिची बोटं शिरांवरून फिरतच होती.

बरं, अक्षरं उठवायची असतील तर साचा उलटा लावा. दाबताना उलटी दिसली, तरच पुढून सुलटी येतात. पाटी-टोच्याने ब्रेल लिहितात तेही असंच, उजवीकडून डावीकडे टोचत.

वहीत लावताना डिंक फक्त कोपऱ्यांना. मध्ये लावलात की कागद ओला होऊन नक्षी बसते. वहीवर वजनही नको. आजीचं पान मी असंच चार कोपऱ्यांवर लावलंय. दांडा अजून बोटाला लागतो.