बाविसाव्या एपिसोडवर लोक एवढे का चिडतात?

सामुराई चाम्प्लू कोणीकोणी पाहिलंय? बरेच हात वर आहेत, छान. आणि त्यातला बाविसावा एपिसोड, तो खजिन्यावाला, कितीजणांना आवडतो? बघा, पटापट हात खाली गेले. मला आज त्याच्याबद्दलच बोलायचंय, म्हणजे एपिसोडबद्दल थोडं आणि तो बघून लोक जे काय काय बोलतात त्याबद्दल जास्त.

ज्यांनी पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी पटकन सांगतो. २००४ ची जपानी अॅनिमे, म्हणजे अॅनिमेशन सिरीज, शिनिचिरो वातानाबे डिरेक्टर, एकूण २६ एपिसोड. एदो काळातला, म्हणजे शोगुनच्या, लष्करी राज्यकर्त्याच्या राजवटीतला जपान, पण मागे नुजाबेस या जपानी संगीतकाराचं हिपहॉप वाजतंय, आणि मुगेन, जिन आणि फू असे तिघं सूर्यफुलाचा वास येणाऱ्या एका सामुराईला शोधत पायी फिरतायत, खिशात दमडी नाही आणि पोटात कायम कावळे. बाविसाव्यात हे असेच उपाशी भटकताना एका खोदकामाच्या जागी जाऊन पोचतात. तिथे शिगे नावाचा एक माणूस, म्हणतो मी हेइके घराण्याचा वारस, आमच्या पूर्वजांनी इथे खजिना पुरलाय, तो मिळाला की घराणं परत उभं करणार. आता हेइके म्हणजे ११८५ साली दान-नो-उराच्या समुद्री लढाईत संपलेलं घराणं, म्हणजे गोष्टीच्या काळाच्याही पाचेकशे वर्षं आधीचं मॅटर. आपले तिघं फावडी घेतात, आणि मग कळतं की आजूबाजूला जे खोदतायत ते सगळे कधीच मेलेले आहेत. झॉम्बी. आणि एवढं कमी होतं म्हणून शेवटी आकाशातून उल्का पडते, मोठ्ठा स्फोट, खेळ खल्लास. मी गंमत करत नाहीये, खरंच असंच संपतं.

आता लोक चिडतात त्याचं पहिलं कारण मला तरी एकदम रास्त वाटतं. विसावा आणि एकविसावा एपिसोड मिळून साराची गोष्ट आहे. शामिसेन हे तीन तारांचं वाद्य वाजवत गाणारी अंध बाई, मुलासाठी मारेकरी झालेली, आणि शेवटी मुगेनच्या तलवारीने जाते, जाते म्हणजे जवळजवळ स्वतःच जाऊ देते. सिरीजमधलं सगळ्यात जड काही असेल तर ते हे. ते बघून तुम्ही सुन्न बसलेले असता, कोपऱ्यात ते पाच सेकंदाचं काउंटडाउन संपतं, पुढचा एपिसोड आपोआप सुरू, आणि समोर कोण तर झॉम्बी! डोक्याला शॉटच की. पण हे टीव्हीवर आठवड्याला एक असं बघायला बनलेलं होतं हो. साराला विसरायला नाही, पण तिच्यासोबत राहायला मध्ये सात दिवस होते. जपानमध्ये तर सतराव्या एपिसोडनंतर मोठा खंडच पडला, उरलेले एपिसोड २००५ मध्ये बीएस फुजी या सॅटेलाइट चॅनलवर लागले. म्हणजे एका रात्रीत सगळं उरकणाऱ्याचा राग आणि आठवडाभर थांबलेल्याचा राग वेगवेगळा असणारच, आणि मला वाटतं यावरची निम्मी भांडणं ही एपिसोडची नाहीतच, बघण्याच्या स्पीडची आहेत.

दुसरा राग मात्र मला पटत नाही, तो म्हणजे "हा फिलर आहे". फिलर कधी, तर मांगा, म्हणजे मूळ जपानी कॉमिक, मागे पडलाय आणि अॅनिमे पुढे पळतंय म्हणून मध्ये काहीतरी कोंबायचं तेव्हा. चाम्प्लू मुळात मांगावरून केलेलंच नाही, इथे मागे पडायला काय आहे? आणि जी सिरीज नवव्या एपिसोडमध्ये गांजाचं शेत पेटवून सगळ्यांना धुरात तर्र करून सोडते तिच्याकडून तुम्ही शिस्तीची अपेक्षा कशाला करताय.

मग आहेत ते हिशोबी लोक. "उल्का पडली तर पुढच्या एपिसोडमध्ये तिघं जिवंत कसे?" यावर मग थिअऱ्या, भुकेने भास झाला, स्वप्न पडलं, हे दुसरंच विश्व आहे वगैरे वगैरे. एपिसोड स्वतः काहीच सांगत नाही, पुढच्यात कोणी साधा उल्लेखही करत नाही, आणि मला विचाराल तर तोच विनोद आहे, पण विनोद समजावून सांगायला लागलं की मेला, म्हणून सोडून देतो.

मला खरी मजा येते ती जपानी प्रेक्षक हे कुठून बघत असेल त्याची. १८६८ मध्ये शोगुनची राजवट संपली आणि एदोचा, म्हणजे आजच्या टोकियोचा, किल्ला नव्या सरकारच्या ताब्यात गेला तेव्हा तिजोरीत म्हणे काहीच नव्हतं. मग अफवा, की शोगुनचं सोनं गुन्मा प्रांतातल्या अकागी डोंगरात पुरलंय. मिझुनो नावाच्या एका घराण्याने ते शोधायला तिथे तीन पिढ्या खोदलं. तीन पिढ्या! आजोबाने सुरू केलं, नातवाच्या हातात फावडं. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टीबीएस चॅनलने तिथेच मोठमोठी मशीनं लावून खोदकाम केलं, ते टीव्हीवर दाखवलं, सोबत इतोई शिगेसातो, तेच ज्यांनी मदर हा व्हिडिओ गेम बनवला. अख्खा देश बघतोय, खड्डा वाढतोय, आता निघेल मग निघेल, आणि निघालं काय, घंटा. डोंगर पोखरून उंदीरही नाही. हे लहानपणी टीव्हीवर बघितलेल्या माणसाला मेलेले लोक खजिना खोदतायत हे कायच्या काय वाटत नसणार, त्याला ते जरा जास्तच ओळखीचं वाटत असणार. शिगे हे नाव मुद्दाम ठेवलंय का, मला तसा दाट संशय आहे, पण तो माझा संशय.

आपल्याकडेही गुप्तधनासाठी माणसं काय काय करतात हे पेपरात येतंच, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख उगाच नाहीये. पण तिथे हसू येत नाही, म्हणून ते राहू दे.

एपिसोड भारी आहे असं मी म्हणत नाहीये हां. मधला भाग ताणलाय, झॉम्बी कळल्यानंतर तोच जोक फिरून फिरून येतो, आणि फूला तर करायला फारसं काही दिलेलंच नाही, हे मला खटकतं. पण हे बघा की पाचशे वर्षं कोणीतरी खोदतंय कारण एकाने सांगितलं की खाली आहे, आणि आपले तिघं बावीस एपिसोड चालतायत कारण एका मुलीने सांगितलं की असा असा वास येणारा माणूस आहे. सिरीज इथे स्वतःच्याच कथेची खेचतेय, आणि ती पण शेवटच्या तीन भागांची गोष्ट सुरू व्हायच्या तोंडावर, जिथे बाकीचे लोक एकदम गंभीर चेहरा करून बसतात. ही हिंमत मला आवडते.

आणि एक सांगा मला. उल्केवरून जे लोक एवढे तावातावाने भांडतात, त्यांच्यातल्याच बऱ्याच जणांचा लाडका एपिसोड कुठला, तर तेविसावा. ज्यात अमेरिकन लोक एदोकालीन जपानमध्ये जहाजातून उतरतात आणि सामुराईंशी बेसबॉलची मॅच खेळतात. ते चालतं. ते एकदम लॉजिकल आहे.

बरं, आता प्रश्न घेऊया, मागे कोणीतरी मघापासून हात वर करून बसलंय.