आधी बंद मोजा

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत माझा विषय 'भेट द्यायच्या छापील पिशवीचा योग्य प्रकार कसा निवडावा' असा आहे. शीर्षक मीच दिलंय, त्यामुळे आयोजकांवर ढकलता येत नाही. पण प्रकारांवर बोलायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. मला खरं बोलायचंय ते बंदावर. बंद म्हणजे पिशवीचे बंद, दुकानं बंद ठेवतात तो नव्हे. (कोणीच हसलं नाही. पुढच्या वेळी हा विनोद गाळतो.)

पिशव्या छापण्याच्या धंद्यात पडण्यापूर्वीची गोष्ट. एका परिषदेच्या किट समितीवर मी होतो. पिशवीच्या रंगावर तीन बैठका झाल्या. लोगोवर चार. प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणायचं, 'लोगो थोडा मोठा करा की,' आणि तो थोडा मोठा व्हायचा. शेवटी कापड कमी पडायला लागलं. नमुना आला तो फोटो म्हणून आला, स्क्रीनवरच पास झाला, आणि सहाशे पिशव्या परिषदेच्या आदल्या संध्याकाळी उतरल्या. कापड उत्तम, जाड कॅनव्हास. शिलाई सरळ. छपाई अशी की लांबूनसुद्धा वाचता यावी.

आणि बंद? टोकापासून टोकापर्यंत चाळीस सेंटीमीटर.

चाळीस सेंटीमीटर म्हणजे काय, ते करून दाखवतो. हातात धरली तर धरता येते. कोपरापर्यंत सरकते. खांद्यावर घ्यायला गेलात की बाही अडकते, आणि जोर लावलात तर पिशवी काखेत रुतून बसते. आता परिषदेतल्या माणसाच्या एका हातात चहाचा कप असतो, दुसरा हात कोणाच्या तरी हातात असतो. पिशवी जाणार कुठे? काखेतच. दोन दिवस सहाशे माणसं आमचा तो चार बैठकांचा लोगो काखेत दाबून हिंडत होती. काखेत कळसा ऐकलं होतं, काखेत लोगो तिथे पाहिला. फोटोग्राफरनं शेकडो फोटो काढले. एकातही नाव पूर्ण दिसत नाही. एका फोटोत फक्त शेवटची वेलांटी आहे.

समारोपानंतर खुर्च्यांखाली पिशव्यांची रांग राहिली होती. लोकांनी आतले कागद काढून घेतले होते आणि पिशवी सोडली होती. पाचेक वर्षांनी समितीतल्याच एका गृहस्थांकडे गेलो तर गॅलरीत तीच पिशवी, आत कपड्यांचे चिमटे. खिळ्याला मात्र तो बंद अगदी मापात बसला होता.

तेव्हापासून माझं एक मत आहे आणि ते मी लग्नाकार्यातसुद्धा सांगतो, म्हणून हल्ली मला फारसे बोलावत नाहीत. पिशवी म्हणजे बंद. कापड हा त्याला जोडलेला भाग आहे.

इतिहासही माझ्या बाजूनं आहे. अमेरिकेत सेंट पॉल इथे वॉल्टर डॉयब्नर नावाचा एक किराणा दुकानदार होता. गिऱ्हाईक हातात मावेल तेवढंच विकत घेतं, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून १९१२ च्या सुमारास त्यानं कागदी पिशवीला दोरी ओवली. कागद तोच, दोरीनं पिशवीला बळकटी आली, धरायला जागा आली, आणि ती ७५ पौंडांपर्यंत वजन पेलायला लागली. पुढे स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीत स्टेन थुलिन यांनी प्लास्टिकची ती बनियनच्या आकाराची पिशवी काढली. १९६५ मध्ये तिचं अमेरिकी पेटंट मिळालं. तिची करामत कुठे आहे? वेगळा बंद जोडायचाच नाही, पिशवीतूनच कापायचा. त्या पिशवीनं पुढे जगाचं काय केलं हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय, पण बंद तिनं जिंकला होता.

आणि आपल्या, म्हणजे नाव छापून वाटायच्या भेटवस्तूंच्या धंद्याचा तर मूळपुरुषच पिशवीवाला. ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन गावी जॅस्पर मीक नावाचे वर्तमानपत्र छापणारे गृहस्थ होते. १८८० च्या दशकातली गोष्ट. एका शाळकरी मुलीच्या हातून रस्त्यात पुस्तकं पडलेली त्यांनी पाहिली, असं सांगतात. त्यांनी गोणपाटाच्या दप्तरांवर 'कँटवेलचे बूट घ्या' अशा अर्थाची ओळ छापून बूटवाल्याला विकली, बूटवाल्यानं ती मुलांना वाटली. जाहिरात गावभर फिरली. क्रम बघा: आधी पडलेली पुस्तकं, मग पिशवी, मग बूट. आपण बुटापासून सुरुवात करतो.

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटं' लिहिलंय, खाली दोन रेघा मारल्यात. बरं, आता प्रकार, पळत पळत.

खांद्यावरची साधी कापडी पिशवी, म्हणजे टोट: बंद शिलाईपासून शिलाईपर्यंत पासष्ट ते सत्तर सेंटीमीटर हवा, थंडीत जाड कोट घालणारे लोक असतील तर आणखी थोडा. बंदाच्या मुळाशी चौकोनात फुलीची शिलाई मागा, नुसती आडवी टीप उसवते. कापड १४० जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला १४० ग्रॅमचं असेल तर कागदपत्रांपुरतं, वजन न्यायचं असेल तर २८० च्या पुढे. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो म्हणून पिशवी नेमकी तेवढी शिवू नका. फाइल कागदापेक्षा मोठी असते, हे विसरणारे मी पाहिलेत.

नॉन-वोव्हन, म्हणजे ते कापडासारखं दिसणारं पॉलिप्रॉपिलीन: प्रदर्शनात पत्रकं गोळा करायला ठीक. डी-कट, म्हणजे धरायला पिशवीतच कापलेलं भोक, घेऊ नका, बोटांना काचतो. लूप हँडल, म्हणजे वेगळा जोडलेला पट्टीचा बंद घ्या. ताग दिसायला सुंदर, पण पृष्ठभाग खरखरीत, बारीक अक्षरं तुटतात, आणि गडद कपड्यांवर तूस सोडतो. कागदी पिशवी भेटवस्तू देण्यापुरती, त्या एका फेरीची. दोरीची पाठपिशवी धावण्याच्या स्पर्धेत चालते. जड काही घातलंत की दोरी खांद्यात रुतते. लॅपटॉपची सॅक थोड्यांना द्या आणि चांगली द्या, कारण तिची चेन बिघडली की लोक चेनवाल्याला नव्हे, तुम्हाला आठवतात.

छपाई: एक-दोन रंग असतील तर स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई उतरवणं; छटा असतील तर ट्रान्सफर, म्हणजे आधी छापलेलं चित्र उष्णतेनं कापडावर चिकटवणं. बाजूला घडी, म्हणजे गसेट असेल तर लोगो कडेपासून आत घ्या, नाहीतर अर्धा घडीत जातो. तारीख छापू नका. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी पिशवी शिळी होते.

आणि 'सुती म्हणजे पर्यावरणाला बरी' असं परस्पर ठरवू नका. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीनं २०११ मध्ये हिशोब मांडला होता. एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीशी हवामानाच्या बाबतीत बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, नॉन-वोव्हन ११ वेळा, कागदी ३ वेळा. आमच्या त्या सहाशे पिशव्या दोनदा वापरल्या गेल्या. चिमट्यांची वेगळी.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. जाताना तुमच्या खुर्चीवर ठेवलेली पिशवी खांद्यावर घालून बघा. मी सकाळीच मोजली, बंद अठ्ठेचाळीस भरला. आयोजक माझ्याकडे बघत नाहीयेत.