डिअरफिल्डचं दार

मंडळी, मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात डिअरफिल्ड नावाचं एक लहानसं गाव आहे. जुन्या गावाचा मुख्य रस्ता जेमतेम मैलभर, आणि दोन्ही बाजूंना अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली लाकडी घरं. कोणत्याही घरावर तासभर बोलता येईल. पण मी आज बोलणार आहे एका दाराबद्दल, ज्याच्यामागे आता घरच उरलेलं नाही.

ते घर होतं जॉन शेल्डन यांचं. २९ फेब्रुवारी १७०४ची पहाट. तेव्हा इंग्रज वसाहतीत असलेल्या या गावाच्या लाकडी तटाला टेकून बर्फाचे ढीग साचले होते. त्यांच्यावरूनच फ्रेंच आणि त्यांच्या बाजूने लढणारे मूलनिवासी योद्धे आत उतरले. शेल्डनचं दार दुहेरी फळ्यांचं, खिळ्यांनी मढवलेलं. ते मोडेना, तेव्हा कुऱ्हाडीने मधोमध भोक पाडलं. त्या भोकातून झाडलेल्या गोळीने घरची बाई गेली, असं गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्या दिवशी पन्नासच्या आसपास माणसं मारली गेली आणि ११२ जणांना बंदी करून सुमारे ३०० मैल बर्फातून कॅनडाला चालवत नेलं.

घर मात्र टिकलं. १८४७मध्ये ते पाडायचं ठरलं, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे गोळा करून ते वाचवायची खटपट केली. जुनी वास्तू जतन करण्याचा अमेरिकेतला हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. तो फसला. १८४८मध्ये घर पाडलं, दार तेवढं राहिलं. आज ते मेमोरियल हॉल या संग्रहालयात आहे. भोकाच्या कडांवर कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात.

मी त्या दारासमोर बराच वेळ उभी होते. भोकापलीकडच्यांचं काय, हा प्रश्न सुटेना. ही भूमी आधी पोकमटक या मूलनिवासी लोकांची. बंदी झालेली सात वर्षांची युनिस विल्यम्स, गावच्या पाद्रींची मुलगी, मोहॉक या दुसऱ्या मूलनिवासी लोकांत वाढली, तिथेच संसार केला आणि वडिलांनी विनवूनही कायमची परतली नाही. तिच्या या निवडीबद्दल दार काय सांगणार?

आणि ल्युसी टेरी. लहानपणी आफ्रिकेतून पळवून आणलेली, एबनेझर वेल्स यांच्या घरी गुलाम म्हणून राबणारी. १७४६मध्ये गावाजवळच्या कुरणात पुन्हा हल्ला झाला, त्यावर तिने एक कविता रचली. आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तीची आज ज्ञात असलेली सर्वांत जुनी कविता ती हीच. छापली गेली १८५५मध्ये. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं ती लोकांच्या तोंडी जगली! दाराला निदान ओकच्या फळ्या होत्या, हिला नुसती माणसांची जीभ.

ज्या जागी ती राबली, ते वेल्स-थॉर्न घर आजही उभं आहे, निळ्या रंगाचं, उठून दिसणारं. नावात मात्र मालकच. मला हे खटकतं आणि खटकत राहील. अलीकडे त्या रस्त्यावर, गुलाम माणसं जिथे राहिली-राबली त्या घरांपुढे, एकेकाच्या नावाच्या लहान स्मृतिपाट्या जमिनीत बसवल्या आहेत. डिअरफिल्डला कधी गेलात, तर माझं एवढं ऐका: संग्रहालय दुपारी बघा. सकाळी आधी त्या रस्त्यावरून सावकाश चाला, प्रत्येक पाटीशी थांबा, खाली वाका आणि नाव मोठ्याने वाचा.