खाडा

(स्वारगेट, पहाटे साडेपाच. बार्शीकडची एसटी फलाटाला लागते.)

ती उतरते. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात आईनं बांधून दिलेल्या कडक भाकरी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. भाडं निम्म्यावर आलं, सुट्ट्या तेवढ्याच राहिल्या.

(कोथरूड. तिसरा मजला.)

इथं ती 'चोवीस तासांची बाई'. आजी अंथरुणाला खिळलेल्या नाहीत, पण रात्री बाथरूमला धरून न्यावं लागतं. म्हणून हिची सतरंजी आजींच्या कॉटला लागून. आजींनी कूस बदलली तरी ही उठून बसते. आजींचा मुलगा अमेरिकेत. हिचा सहावीत, आजोळी.

त्याला फोन लावायचा तो रात्री नऊनंतर, आजींची मालिका संपली की. "जेवलास का? अभ्यास केलास का?" पुढं दोघांनाही सुचत नाही. मग तोच म्हणतो, "आई, रेंज गेली." रेंज गेलेली नसते.

(पर्वती पायथा. जनता वसाहत, सकाळचा नळ.)

१९७२च्या दुष्काळात गावंच्या गावं शहरांकडं सरकली. पुण्यात आलेल्या कित्येक बायकांनी धुणं-भांडी धरली. चार घरची कामं उरकून संध्याकाळी त्या आपल्या पोरांत परतायच्या. नळावर एकीची पगारकपात दहाजणींना कळायची. १९८०मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली. २००८मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला.

चोवीस तासांच्या बाईला मात्र नळ नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये तिच्यासारखीच कुणी आहे, हे तिला लिफ्टमध्ये कचऱ्याची बादली घेऊन उभं असताना कळतं. आणि संप करायचा म्हटला, तर रात्री आजींना धरणार कोण? आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी हवी, असं २०११चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

(स्वयंपाकघर. भिंतीवर कालनिर्णय.)

दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, त्याच चौकोनांत हिचेही. या वेळी दोन दिवसांचं सांगून गेली होती. पोराला ताप आला, तिसरा दिवस मोडला. तिन्ही तारखांना गोल आहेत. तिसऱ्यावर आजींनी काट मारली आहे.

पैसे अमेरिकेतून येतात. मुलगा फोनवर हिशेब विचारतो, तेव्हा आजी आवाज जरा खाली आणून म्हणतात, "दोनच."

ती ओट्याशी भाकरी मोडत असते.