बसला, पण दिसेना

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘सर्व्हरतज्ज्ञ’ छापलंय. ते छापखान्याचं मत समजा. विषय छापलाय ‘सर्व्हरमधील एसएसडी आणि कनेक्टर : खरेदीपूर्वी काय तपासावे’. त्यातलं ‘काय तपासावे’ मी शेवटी सांगणार आहे. आधीच सांगून टाकलं तर दारापाशी बसलेली मंडळी तेवढं उतरवून घेतील आणि चहाला पळतील.

माझं म्हणणं एवढंच आहे. सर्व्हर घेताना सगळे दोन गोष्टी विचारतात, सर्व्हर कोणता आणि ड्राइव्ह, म्हणजे माहिती साठवणारी एसएसडी किंवा डिस्क, कोणता. ट्रे आत सरकवल्यावर ड्राइव्ह जिथे जाऊन टेकतो ती उभी पाटी, म्हणजे बॅकप्लेन, तिच्याबद्दल कोणी विचारत नाही. कोटेशनमध्ये तिची ओळ नसते आणि मालकाने ती कधी पाहिलेलीही नसते. पण ड्राइव्ह चालणार की नाही, हे बहुतेक वेळा तीच ठरवते.

एक काळ असा होता की हे विचारायची गरजच नव्हती. साटा आणि सास या ड्राइव्ह जोडायच्या दोन पद्धती. साटाच्या ड्राइव्हला डेटाच्या ७ आणि पॉवरच्या १५ पिना, मधे एक फट. सासवाल्यांनी ती फट भरून काढली आणि तिच्या पाठीवर आणखी ७ पिना बसवल्या, दुसऱ्या पोर्टसाठी. त्यामुळे साटाचा ड्राइव्ह सासच्या स्लॉटमध्ये बसतो आणि कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह सांभाळणारी चिप, सासचा असला की चालतोही. सासचा ड्राइव्ह साटाच्या कनेक्टरमध्ये शिरतच नाही. जे चालायचं नाही ते बसूच द्यायचं नाही! प्लास्टिकचा एवढासा तुकडा, पण त्याच्यापुढे माझ्यासारख्या दांडगटाचंही काही चालत नाही. ज्याने ही रचना केली त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

मग एनव्हीएमई आलं, २०११ साली. ही तिसरी पद्धत, ड्राइव्हला पीसीआयईवरून, म्हणजे मदरबोर्डवरची कार्डं ज्या वेगवान मार्गाने जोडतात त्यावरून, जोडणारी. अडीच इंची ड्राइव्हला ६८ पिनांचा एसएफएफ-८६३९ कनेक्टर मिळाला आणि २०१५ मध्ये त्याचं यू.२ असं बारसं झालं. आता साटा, सास आणि एनव्हीएमई तिन्ही बाहेरून सारखेच दिसायला लागले. बसणं आणि चालणं यांची फारकत झाली ती इथे.

आता पतसंस्थेची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण संचालकांपैकी कोणी सभागृहात असलंच तर उगाच अवघडायला नको. नवा सर्व्हर आला, पुढे आठ स्लॉट, त्यातले दोन भरलेले. पुढच्या वर्षी जागा कमी पडली म्हणून ड्राइव्ह बाहेरून घ्यायचं ठरलं, कारण कंपनीचा भाव ऐकून अध्यक्षांनी पाणी मागितलं होतं. घेतले. आणि पहिलीच अडचण अशी की ते सहा रिकामे स्लॉट रिकामे नव्हतेच. त्यांत नुसत्या प्लास्टिकच्या डमी होत्या. समोरून ट्रेसारख्या दिसतात, ओढून काढल्या की आत पोकळ.

या ट्रेबद्दल मला जरा बोलू द्या, बरीच वर्षं तुंबलंय. तुम्ही आठ स्लॉटचा सर्व्हर घेता आणि ट्रे मिळतात दोन. उरलेले हवे असतील तर ड्राइव्हसकट घ्या. नुसता ट्रे मागितला की समोरचा माणूस असा बघतो, जणू आपण हॉटेलात जाऊन रिकामी ताटली मागतोय. म्हणजे काय, तर पत्र्याच्या दोन पट्ट्या, एक खटका आणि चार स्क्रू! मग लोक मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठतात. तिथे ट्रे मिळतो, पण मागच्या पिढीचा. तो आत जातो आणि खटका लागत नाही. साडेतीन इंची ट्रेमध्ये अडीच इंची एसएसडी घालायची असेल तर स्वस्तातली पट्टी ड्राइव्हला बरोबर मधोमध बसवते. दिसायला फार सुबक, पण बॅकप्लेनचा कनेक्टर असतो एका बाजूला. ट्रे शेवटपर्यंत जातो आणि कनेक्टर एकमेकांना भेटतच नाहीत. पट्टी घेताना ड्राइव्हचं तोंड साडेतीन इंचीच्या तोंडाच्या जागी येतं का, एवढं पट्टी धरून मोजा.

असो. पतसंस्थेला ट्रे मिळाले, ड्राइव्ह बसले, खट् असा आवाजही आला. पण दिवा लागेना. सप्लायर म्हणाला, ड्राइव्ह खराब असेल. बदलून दिला, तोही तसाच. मग वायरमन येऊन अर्थिंग बघून गेला. आपल्याकडे कशाचंच कारण सापडलं नाही की दोष अर्थिंगचा असतो. मला बोलावलं तेव्हा शाखाधिकाऱ्यांचं पहिलं वाक्य होतं, “साहेब, लॉटच खराब आलाय.”

लॉट चांगला होता. ड्राइव्ह यू.२ होते आणि बॅकप्लेन यू.३ चा. यू.२ मध्ये एनव्हीएमईच्या तारा साटा-सासच्या तारांपासून वेगळ्या पिनांवर असतात. यू.३ वाल्यांनी तारा वाचवण्यासाठी तिन्ही भाषा एकाच पिनांवर आणल्या. आकार तोच, पिना तेवढ्याच, फक्त कोणती पिन काय बोलते ते बदललं. गंमत म्हणजे हे नातं एकतर्फी आहे. यू.३ चा ड्राइव्ह यू.२ च्या स्लॉटमध्ये चालतो, यू.२ चा ड्राइव्ह यू.३ च्या स्लॉटमध्ये चालत नाही. आणि ड्राइव्ह आत शिरताना त्याला अडवणारा प्लास्टिकचा तो तुकडा इथे कोणी ठेवलेलाच नाही.

सील फोडलं म्हणून सप्लायर माल परत घेईना. शेवटी पीसीआयई स्लॉटमध्ये यू.२ चं अ‍ॅडॉप्टर कार्ड घालून ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात बसवले. चालले, आजही चालतात. फक्त आता ड्राइव्ह बदलायचा तर सर्व्हर बंद करून झाकण उघडावं लागतं.

यावर कोणी म्हणेल, कंपनीचाच ड्राइव्ह घ्यावा, कटकट नाही. बरं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने स्वतःच जाहीर केलं की त्यांच्या काही सास एसएसडी फर्मवेअरमधल्या, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्रॅममधल्या, चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर कायमच्या बंद पडतील. म्हणजे साधारण पावणेचार वर्षं. आता एका रेडमधले, म्हणजे एक गेला तरी माहिती वाचावी म्हणून एकत्र जोडलेले, सगळे ड्राइव्ह एकाच दिवशी सुरू केलेले असतात, म्हणजे जातानाही सगळे बरोबरच जाणार. रेड काय करील बिचारा? फर्मवेअर वेळेत बदललं ते वाचले. तेव्हा शिक्का बघून निर्धास्त होऊ नका.

चिठ्ठी आली. ‘५ मिनिटे’, खाली दोन रेघा. म्हणजे कबूल केलेला विषय आता पळतपळत.

ऑर्डर देण्याआधी बॅकप्लेनचा पार्ट नंबर लेखी मागा आणि कोणत्या स्लॉटला एनव्हीएमईच्या तारा खरोखर ओढल्या आहेत ते विचारा. चोवीस स्लॉट असले तरी एनव्हीएमई चारालाच, असे सर्व्हर सर्रास विकले जातात. पाटीच्या मागची केबलही बघा. एसएफएफ-८६४३ च्या तोंडाची केबल सासलाही असते आणि पीसीआयईलाही, पण आतली जोडणी वेगळी. जुन्या मिनी-सासची चार टोकांची केबल तर सुलटी आणि उलटी अशा दोन जातींत मिळते. कंट्रोलरकडून चार साटा ड्राइव्हकडे जाणारी सुलटी, मदरबोर्डच्या चार साटा पोर्टांकडून बॅकप्लेनकडे जाणारी उलटी. दिसायला जुळ्या, आणि चुकीची लावली की एकही ड्राइव्ह दिसत नाही.

एम.२, म्हणजे मदरबोर्डवर किंवा कार्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी, घेताना कनेक्टरच्या खाचेवर विसंबू नका. दोन खाचांचा साटावाला एम.२, एम खाचेच्या स्लॉटमध्ये मजेत बसतो, पण स्लॉट फक्त पीसीआयईचा असेल तर दिसणार नाही. लांबी बघा, २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करणारे कपॅसिटर असलेले सर्व्हरचे एम.२ बऱ्याचदा २२११० असतात, त्यांचा स्क्रू ३० मिलिमीटर पुढे लागतो. एका कार्डावर चार एम.२ बसवायचे असतील तर बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, त्या स्लॉटची चार-चार लेनांत (लेन म्हणजे पीसीआयईची एकेक वाट) विभागणी करता येते का ते आधी पाहा. नसेल तर चारांतला पहिलाच दिसतो.

जुने सास एसएसडी स्वस्त मिळाले तर सेक्टर, म्हणजे माहिती लिहायचा एकेक कप्पा, ५२० बाइटचा आहे का विचारा. स्टोरेज अ‍ॅरेतून, म्हणजे मोठ्या साठवण यंत्रांतून, काढलेले ड्राइव्ह तसे असतात आणि ५१२ ला फॉरमॅट केल्याशिवाय साध्या सर्व्हरच्या उपयोगाचे नाहीत.

समोरून एकांनी हात वर केलाय. हो, ई१.एस आणि ई३.एस, एसएसडीचे नवे आकार. नव्या सर्व्हरमध्ये ते दिसू लागलेत. कनेक्टर एसएफएफ-टीए-१००२ या एकाच कुळातला, त्यामुळे पिनांचा घोळ कमी. पण एकट्या ई१.एस च्याच जाड्या पाच आहेत, ५.९, ८.०१, ९.५, १५ आणि २५ मिलिमीटर. ऑर्डरमध्ये नुसतं ‘ई१.एस’ लिहू नका, पुढे मिलिमीटरही लिहा.