निकालानंतरचे साठ दिवस

नमस्कार मंडळी. मी वकील आहे, तालुक्याच्या कोर्टात उभी राहते आणि अधूनमधून नागपूरला हायकोर्टात जाते. आज बोलायचं आहे ते मुली-बायकांच्या विक्रीच्या खटल्यात शिक्षा लागल्यावर पुढे काय होतं, त्याबद्दल. विषय चारचौघांत काढायचा नाही असा आहे, म्हणूनच त्यात चुका फार होतात.

ऐन कापूस वेचणीचे दिवस होते. पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातून एक म्हातारी आली. खताच्या रिकाम्या पिशवीत निकालाची प्रत गुंडाळून आणलेली. टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाई, याच्यात माह्या पोराचं काय लिहून आहे, तेवढं सांगा जी."

पोरगा जीपचा ड्रायव्हर. काम लावून देतो म्हणून एका दलालाने गावातल्या दोन पोरी नेल्या, त्या याच्या गाडीतून स्टेशनवर गेल्या आणि पुढे विकल्या गेल्या. दलालाला शिक्षा झाली, यालाही झाली. दहा वर्षं सक्तमजुरी. मी विचारलं, "आजी, निकाल कधी लागला?" ती म्हणाली, "पोळ्याच्या अगोदर."

मी भिंतीवरचं कॅलेंडर उलटं चाळलं. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला साठ दिवस असतात. ते केव्हाच उलटून गेले होते. गावात तिला सगळ्यांनी एकच सांगितलेलं, "आता सजा लागली, आता काही होत नाही." एकाने तर, "वर गेलं की सजा वाढते," म्हणून भीती घातली होती. आणि कोर्टाच्या आवारातल्या एका माणसाने "मी करून देतो" म्हणत बकरी विकून आणलेले पैसे घेतले होते. तो पुन्हा दिसला नाही.

तर मंडळी, यातलं एकेक सांगते. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढत नाही. वाढवून हवी असेल तर सरकारला वेगळं अपील करावं लागतं. मुदत उलटली तरी दार बंद होत नाही. उशीर का झाला ते पटेल असं सांगावं लागतं, आणि निकालाची प्रमाणित प्रत मिळायला गेलेले दिवस मुदतीत धरले जात नाहीत. वकील करायला पैसे नसले तर कैद्याला तुरुंगाच्या अधिकाऱ्यामार्फतच अपिलाचा अर्ज पाठवता येतो. निकालाची प्रत त्याला फुकट मिळायला हवी आणि अपिलासाठी वकीलही मोफत मिळायला हवा. हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली सांगितलं, हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, म्हणजे आपल्याच राज्यातल्या खटल्यात. एवढी वर्षं झाली, अजून बकरी विकावी लागते. विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांची ही अपिलं नागपूर खंडपीठापुढे जातात. मोफत वकील देणाऱ्या सरकारी विधी सेवेचा फोन नंबर १५१०० आहे. हा तेवढा भिंतीवर लिहून ठेवा.

आता अपील म्हणजे काय? लोकांना वाटतं, सगळे साक्षीदार पुन्हा बोलावतात, पुन्हा पहिल्यापासून खटला चालतो. तसं क्वचितच होतं. खालच्या कोर्टात जे लिहिलं गेलं, तेच वरच्या कोर्टात वाचलं जातं. जबान्या, उलटतपास, पंचनामे, शाळेचा दाखला, सगळं बांधून वर जातं. मग वकील पान उघडून दाखवतो आणि न्यायाधीश ते पान वाचतात.

म्हातारीच्या पोराच्या निकालात मी रात्री बसून तेच केलं. मानवी व्यापाराचं कलम तेव्हा भारतीय दंड विधानात ३७० होतं. आता, जुलै २०२४ पासून, त्याच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत १४३ आहे. त्यात नेणारा, ठेवणारा, ताब्यात घेणारा, सगळेच येतात. पण हे शोषणासाठी केलं, असं सिद्ध व्हावं लागतं. पोरींची संमती होती, त्या आपल्या पायाने गाडीत चढल्या, हा बचाव कायदा मानत नाही, आणि मला वाटतं ते बरोबरच आहे. भुकेल्याची संमती कसली घेता? पण ड्रायव्हरचा प्रश्न वेगळा आहे. पोरी कुठे चालल्या ते त्याला माहीत होतं का? एका पोरीची जबानी आहे, "ड्रायव्हर रस्ताभर काही बोलला नाही." दुसरी म्हणते, स्टेशनवर दलालाने त्याला पैसे दिले. किती दिले? भाड्याएवढे, की जास्त? उलटतपासात हे कोणी विचारलंच नव्हतं. तो एक प्रश्न खाली विचारला गेला असता, तर त्याला फायदा झाला असता किंवा तो पुरता अडकला असता. मला आजही सांगता येत नाही.

दुसरा मुद्दा वयाचा. मुलगी अल्पवयीन ठरली की शिक्षा चढते, म्हणून अपिलात हमखास भांडण होतं ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून. शाळेत नाव घालताना मास्तरने जन्मतारीख विचारली, बापाला आठवेना, मास्तरने १ जून लिहिली. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, ते उगाच नाही. मग वरच्या कोर्टात विचारतात, ही तारीख कोणी सांगितली, मुख्याध्यापकाची साक्ष झाली का, ग्रामपंचायतीची जन्मनोंद कुठे आहे? ती नोंद वेळेवर केलेली असली तर मुलीचा हक्क टिकतो. घरी बाळंतपण झालं असेल तर उद्याच ग्रामपंचायतीत जा, एवढंच म्हणते.

शिक्षेबद्दल एक सांगायचं राहिलं. म्हातारी आई आहे, घर चालवणारा तोच, पहिलाच गुन्हा, असं सांगून शिक्षा कमी होईल अशी आशा लोक धरतात. एकाहून जास्त जणींना नेल्याचं सिद्ध झालं की कमीत कमी दहा वर्षं कायद्यातच ठरलेली आहेत. दोष कायम राहिला तर त्याखाली हायकोर्टही येत नाही. मात्र निकालाचं शेवटचं पान नीट वाचावं. वेगवेगळ्या कलमांच्या शिक्षा "एकत्र भोगायच्या" असं त्यात लिहिलं आहे का? ते वाक्य नसलं तर शिक्षा एकामागून एक चालतात. या निकालात ते वाक्य होतं. म्हातारीला वाचून दाखवलं, तेव्हा ती पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली.

तिच्या पोराचं अपील दाखल झालं. उशीर माफ झाला. जामीन मिळाला नाही. आणि जामीन मिळाला असता तरी त्याचा अर्थ निर्दोष असा नव्हता. शिक्षा तेवढी थांबते, दोष तसाच राहतो. हार घालून मिरवणूक काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. जिच्यावर बेतलं, ती पोरगी त्याच रस्त्याने पाणी आणायला जाते.

आता अशाच एका पोरीबद्दल बोलते. ही दुसऱ्या प्रकरणातली मुलगी, विधी सेवेतून मी तिच्या बाजूने होते. आरोपीचं अपील वर गेलं तेव्हा तिला कोणी कळवलंही नव्हतं. जामिनावर सुटलेला माणूस तिला बाजारात दिसला, तेव्हा समजलं. अशा मुलीला मोफत वकील मिळतो, कोर्टात तिचं म्हणणं मांडता येतं आणि धमकी असेल तर साक्षीदार संरक्षणाचा अर्ज करता येतो. आरोपी सुटला किंवा हलक्या कलमात दोषी ठरला, तर २००९ च्या दुरुस्तीपासून तिला स्वतः अपीलही करता येतं. हे सगळं मी तिला सांगत होते. तिचं लक्ष शिलाई मशीनच्या सुईकडे.

मग म्हणाली, "मले पुन्हा सांगा लागते का?"

मी म्हटलं, "नाही गं. तू सांगितलेलं लिहून ठेवलंय, तेच वाचतील."

"मग वाचून दाखवा."

साडेपाच पानं होती. मी वाचली. तिने मशीन थांबवून ऐकली. शेवटी म्हणाली, "खोलीची खिडकी बाहेरून खिळे मारून होती. ते नाही लिहिलं."

मी म्हटलं, "तुला कोणी विचारलं नव्हतं."

"नाही," ती म्हणाली आणि पायडल मारायला लागली.